डोकी मोजताना

माझे बाबा डोंगरात कधी हरवले नाहीत, हे मी लहानपणापासून ऐकत आले. सांगणारे अर्थात तेच. आई मागून म्हणायची, "हरवलोय हे कबूल केलं तर हरवतील ना." दोघांनी चाळीस वर्षं सह्याद्री पालथा घातला. बाबा पुण्यात एका कारखान्यात फोरमन, आई शाळेत गणित शिकवायची. आठवडाभर आपापली नोकरी आणि रविवारी पहाटे पंधरा-वीस माणसं गोळा करून कुठल्यातरी गडावर. बाबा सगळ्यांच्या पुढे, आई सगळ्यांच्या शेवटी. मधली माणसं बदलत गेली, ही दोन टोकं बदलली नाहीत.

बाबांचा पहिला नियम डोकी मोजण्याचा. विसाव्याला बसलो की उठताना मोठ्याने मोजायचं, स्वतःला धरून, आणि आकडा जुळल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. एकदा एक गृहस्थ झुडपाआड जाऊन बसले होते आणि लाजेने ओ देत नव्हते, तर अठरा माणसं अर्धा तास उन्हात उभी राहिली होती. बाबांना आकड्याची खात्री वाटली नाही तर शेवटचा माणूस, म्हणजे आई, पुन्हा मोजायची आणि तिचा शब्द अखेरचा. तिचा स्वतःचाही एक नियम होता. शेवटच्या माणसाने मागे वळून बघायचं नाही. "मागे कुणी नसतं," ती सांगायची, "पण बघितलं की वाटायला लागतं."

तीन वर्षांपूर्वी आई गेली. पुण्याच्या फ्लॅटला कुलूप लावून बाबांना मी दिल्लीला घेऊन आले. आम्ही आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो, नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, मी गुरुग्रामच्या एका ऑफिसात. पहिल्याच आठवड्यात बाबा गच्चीवर जाऊन चारी दिशा बघून आले आणि म्हणाले, "उशाला डोंगर नसताना तुम्हाला झोप कशी लागते?" नवरा नागपूरचा. तो म्हणाला, "बाबा, आम्हाला फ्लायओव्हर पण चढ वाटतो." बाबा हसले नाहीत. त्यांचं वजन कमी होत चाललं होतं आणि ते दिवसभर खिडकीपाशी बसून बसस्टॉपवरची माणसं मोजायचे.

म्हणून मी त्यांना डोंगर शोधून दिला. गुरुग्राम आणि फरिदाबादच्या मधे अरवलीची रांग आहे, आमच्या घरापासून गाडीने तासाभरावर. एका गावाच्या मागे गाडी लावायची आणि चढायला लागायचं. बाबा पायथ्याशी उभे राहिले, वर पाहिलं आणि म्हणाले, "हे टेकाड आहे." मग एक दगड उचलून हातात फिरवला. "पण म्हातारं आहे. आपल्या सह्याद्रीपेक्षा फार म्हातारं. झिजून एवढंच उरलंय." त्या दिवशी घरी येऊन ते दोन पोळ्या जास्त जेवले. मला तेवढंच हवं होतं. त्यानंतर आम्ही दर रविवारी जायला लागलो.

खरं सांगायचं तर मला तो डोंगर आवडला नाही. सह्याद्रीत आपण कुठेही असलो तरी एखादं कौलारू घर, भाताचं खाचर, देवळाचा झेंडा काहीतरी नजरेला पडतं. इथे बाभळीसारखे काटेरी कीकर आणि लालसर दगड, बस्स. वर गेलं की धुळीत गुरुग्रामचे टॉवर उभे दिसतात आणि हायवेची घरघर ऐकू येते. मग वाट एका घळीत उतरते आणि ती घरघर एकदम बंद होते, कुणी दार लावून घ्यावं तशी. तिथे मोर ओरडले की माझ्या अंगावर काटा यायचा. बाबा मात्र तिथेच विसावा घ्यायचे. एक सपाट खडक त्यांनी ठरवून टाकला होता.

तिसऱ्या की चौथ्या रविवारची गोष्ट असेल. आम्ही त्या खडकावर गूळ-शेंगदाणे खाल्ले. बाबा उठले, पाठीवर सॅक चढवली आणि म्हणाले, "तीन. चला."

मला वाटलं गंमत करताहेत. मी म्हटलं, "बाबा, तिसरं कोण?"

गणितात नापास झालेल्या मुलीकडे आई बघायची तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझी आई शेवटी असते ना," ते म्हणाले आणि चालायला लागले.

मी त्यांच्या मागे निघाले. माझ्या मागे कुणी नव्हतं. पण त्या दिवशी गाडीपर्यंत मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही, आणि मानेवर कुणाची तरी नजर असल्यासारखं सारखं वाटत राहिलं.

त्या वेळी काय करायला हवं होतं ते मला कळत होतं. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो लगेच म्हणाला, "यार, हे बिल्कुल नॉर्मल नाहीये. डॉक्टरकडे नेऊ." मी त्याच्यावरच चिडले. चाळीस वर्षांची सवय आहे, तोंडातून निघून जातं, असं म्हटलं. घरी बाबा नीट होते. पेपर वाचत होते, औषधं आठवणीने घेत होते, नवऱ्याला कॅरममध्ये हरवत होते. आकडा फक्त डोंगरात चुकायचा.

पण एवढंच नव्हतं. ते "तीन" मला हवंसं वाटायला लागलं होतं. आई गेली तेव्हा मी ऑफिसच्या कामात होते, शेवटचं बोलणंसुद्धा घाईत झालं होतं. आता दर रविवारी एक माणूस खात्रीने सांगत होता की ती मागून येतेय. पुढच्या खेपेला बाबांनी खडकावर गूळ-शेंगदाण्याची तिसरी चिमूट ठेवली तेव्हा मी काही बोलले नाही. त्याच्या पुढच्या खेपेला मीच घरून तिघांचा डबा भरला. परतताना खडकावरचा गूळ गायब असायचा. माकडं होती तिथे, खारी होत्या, मला ते माहीत होतं. तरी मी म्हणायची, "आईने संपवला," आणि बाबा मान डोलवायचे. आजारी माणसाच्या भ्रमाला मी डबा भरून खाऊ घालत होते, हे मला आज लिहिताना जितकं स्पष्ट दिसतं तितकं तेव्हा मी दिसू दिलं नाही.

त्या डोंगरात एक म्हातारा बकऱ्या चारायचा. आम्हाला दर आठवड्याला बघून ओळख झाली होती. एकदा तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "बेटी, बाबूजी आगे-आगे चलते हैं। ध्यान रखियो, नाले-नाले नीचे मत जाने दियो। नीचे खदान है।" मग समजावून सांगितलं की पूर्वी इथे दगड काढायचे. खाणी बंद पडल्या, खड्डे राहिले, त्यांत पाणी भरलं. त्याच्या दोन बकऱ्या तिथे गेल्या त्या गेल्याच.

मी बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "ओढा खड्ड्यात कसा जाईल? ओढा गावाला जातो." हा त्यांचा दुसरा नियम. वाट हरवली तर पाण्याची वाट धरायची, ओढ्याने उतरत राहायचं, खाली गाव लागतंच. सह्याद्रीत या नियमाने त्यांनी धुक्यातून, पावसातून कितीतरी माणसं सुखरूप खाली आणली होती. चाळीस वर्षं खरी ठरलेली गोष्ट एका बकऱ्या चारणाऱ्याच्या सांगण्यावरून खोटी कशी मानणार? मीही फार ताणलं नाही. वाट हरवायला तिथे होतं काय, एवढंसं तर टेकाड.

जानेवारीतला रविवार होता. दिल्लीत धुकं होतं, ते दर जानेवारीला असतं. बाबा म्हणाले, वर गेलं की सुटेल. सह्याद्रीत सुटतं, ढग खाली राहतात आणि आपण उन्हात येतो. इथे आम्ही चढत गेलो तसं धुकं आमच्याबरोबर चढत आलं. त्याला धुराचा वास होता. दहा पावलांवरचं कीकरचं झाड आधी माणूस वाटायचं आणि मग झाड व्हायचं. मोर त्या दिवशी ओरडलेच नाहीत.

खडकावर बसलो. गुळाच्या तीन चिमटी झाल्या. एवढ्यात माझा फोन वाजला, ऑफिसचा, आवाज तुटत होता. रेंज मिळावी म्हणून मी वाटेने मागे वर चढून गेले, फार तर पन्नास पावलं. बोलता बोलता बाबांचा आवाज ऐकला, "तीन. चला." मी हाताने थांबा अशी खूण केली. ती खूण त्या धुक्यात कुणाला दिसणार होती?

फोन संपवून खाली आले तर खडक रिकामा होता. दोन चिमटी आम्ही खाल्ल्या होत्या. तिसरी तशीच होती.

बाबांनी आयुष्यात कधी कुणाला मागे सोडलं नव्हतं. मी तिथे उभी राहून आधी याचंच नवल करत होते, हे कसं झालं. मग उमगलं. त्यांनी मला एकटीला सोडलंच नव्हतं. त्यांच्या आकड्यात तिघं होतो. मी फोनवर होते आणि माझ्याबरोबर, शेवटी, आई होती. आई असताना काळजी कसली?

वाटेवर मी पुढे धावले. वळणापाशी वाट नाल्याच्या कोरड्या पात्रात उतरून पलीकडे चढते. पलीकडचा चढ धुक्याने पुसला गेला होता, मलाच तो दिसेना. म्हणजे बाबांनाही दिसला नसणार. वाट दिसली नाही तर ते काय करतील, हे मला त्यांच्याइतकंच ठाऊक होतं. मी वाळूत पाहिलं. त्यांच्या बुटांचे ठसे पात्रातून खाली गेले होते, सरळ, न अडखळता, वाट माहीत असलेल्या माणसाचे.

"बाबा," मी हाक मारली. समोरून कुठूनतरी माझाच आवाज परत आला, जाड होऊन. ओ आली नाही.

ओ येणार नव्हती, तेही मला माहीत होतं. डोंगरात पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही, असं ते आम्हाला लहानपणी शिकवायचे. चकवा, भूत, जे काय असेल ते दोनदाच हाक मारतं. तिसरी हाक माणसाची. आम्ही पोरं यावर खूप हसायचो. बाबाही हसायचे, पण नियम पाळायचे. मी दगडांवरून उड्या मारत खाली निघाले आणि पुन्हा ओरडले, "बाबा." यावेळी खालून दगड घरंगळल्याचा आवाज आला. एक, मग बऱ्याच वेळाने खोल कुठेतरी डुबुक.

माझा पाय मुरगळला. मी पात्रात आपटले, गुडघा फुटला आणि श्वास असा अडकला की तोंड उघडं राहिलं पण आवाज फुटेना. तिसरी हाक मारायची होती. सगळं त्या एका हाकेवर होतं आणि ती घशातून बाहेर येत नव्हती. खाली बुटांचा आवाज चालू होता, चर्र, चर्र, वाळूवरचा. मी तो ऐकत पडले होते. मग तो थांबला.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मी चार पायांवर खाली उतरले. नाल्याचं पात्र एका ठिकाणी नुसतं संपलं होतं, सुरीने कापावं तसं. बाबा त्या कडेला पाठमोरे उभे होते. त्यांच्या बुटाच्या पुढे हातभर जमीन होती आणि त्याच्या पुढे काही नव्हतं.  मागून जाऊन सॅकचा पट्टा धरला आणि त्यांना खाली बसवलं. मग मी वाकून पाहिलं. खूप खाली हिरवं पाणी होतं, अजिबात न हलणारं, आणि धुकं त्यावर येऊन थांबलं होतं.

"गाव नाही खाली," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात भीती नव्हती, ते दुखावल्यासारखे वाटले.

"माझ्या हाका ऐकल्या नाहीत?"

"ऐकल्या की. दोन झाल्या तरी चालत होतो, नियम म्हणजे नियम. तिसरी आली तसा थांबलो."

"बाबा, तिसरी मी—" मी म्हटलं आणि पुढचं गिळलं.

"तू नाही. तिसरी तुझ्या आईची. 'अहो' म्हणाली. तुला नाही ऐकू आली? तुझ्याबरोबरच तर होती."

मी दोनच हाका मारल्या होत्या. मोजायची सवय मलाही त्यांनीच लावली आहे. नवऱ्याने नंतर समजावलं की खाणीच्या भिंतींवरून आवाज उशिरा फिरून येतो, माझीच दुसरी हाक त्यांना पुन्हा ऐकू आली असेल, आणि माणूस जे ऐकायचं ते ऐकतो. आर. के. पुरममध्ये सोफ्यावर बसून ते पटतं. बाबांच्या नियमाने पाहिलं तर पहिल्या दोन हाका भुताच्या आणि तिसरी माणसाची. म्हणजे त्या दिवशी त्या डोंगरात भूत मी होते.

परत चढून आलो तेव्हा खडकावरचा गूळ गेलेला होता. बाबा तिकडे बघत राहिले, मी नजर वळवली.

सोमवारी त्यांना डॉक्टरकडे नेलं. जे नाव ऐकायला मी सहा महिने घाबरत होते ते पाच मिनिटांत ऐकून झालं. आधी का आणलं नाही, असं डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, आधी लक्षात आलं नाही. नवरा बाजूला बसला होता. तो एक शब्द बोलला नाही, याबद्दल मी त्याची कायमची ऋणी आहे. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी मला सांगितलं की भ्रमाला खतपाणी घालू नका. मी हो म्हटलं आणि मनापासून म्हटलं. डोंगर बंद झाला, डबा बंद झाला.

त्यानंतर संध्याकाळी आम्ही कॉलनीतल्या पार्कात जायला लागलो. बाबांनी तक्रार केली नाही. मार्चमधली एक संध्याकाळ. दोन चकरा मारून आम्ही बाकावर बसलो होतो. आजूबाजूला बायका मोबाइलवर बोलत भराभर फेऱ्या मारत होत्या, माळी पाइपने पाणी घालत होता. बाबा उठले. बऱ्याच दिवसांनी त्यांनी मोजलं.

"दोन," ते म्हणाले.

माझ्या मनात आलं, गोळ्या लागू पडल्या. आनंद व्हायला हवा होता. बाबांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि पुन्हा बाकावर बसले.

"एक कमी आहे," ते म्हणाले. "थांबू."

मी म्हटलं आपण दोघंच आलो होतो. ते म्हणाले, आकडा जुळल्याशिवाय निघायचं नाही. माळी गेला. फेऱ्या मारणाऱ्या बायका एकेक करून घरी गेल्या. डास चावायला लागले. बाबा फाटकाकडे नव्हे, झाडांकडे बघत बसले होते. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं मी खरं बोलायचं ठरवलं. त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "बाबा, आई आता नाहीये."

त्यांनी हात काढून घेतला. "म्हणजे तू तिला मागे सोडून आलीस?"

 हा प्रश्न तीन वर्षं मी स्वतःला विचारत होते, तो असा समोरून येईल असं वाटलं नव्हतं. मला रडू आलं. बाबांनी थोडा वेळ रडू दिलं आणि मग खिशातला रुमाल काढून दिला. त्यांचा आवाज मऊ झाला होता, गडावर एखादा नवखा घाबरला की व्हायचा तसा.

"माझ्याकडून चूक होत असेल," ते म्हणाले. "वय झालं. मग तू मोज. आता शेवटी तू असतेस."

मी डोळे पुसले. पार्कात कुणीच उरलं नव्हतं. मी त्यांना मोजलं, स्वतःला मोजलं. डॉक्टरांचं बोलणं मला शब्द न् शब्द आठवत होतं, हिरवं पाणीही दिसत होतं, आणि तो चर्र चर्र आवाज थांबला ती जागासुद्धा.

"तीन," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

बाबा लगेच उठले आणि पुढे चालायला लागले. मी त्यांच्या मागे निघाले. फाटकापर्यंत पोचेस्तोवर मी दोनदा मागे वळून पाहिलं.